सॉफ्ट प्लास्टिकची दोरी: खाडीला आठ पदरी, खडपाला चार पदरी

सॉफ्ट प्लास्टिकने, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या नकली आमिषाने (ल्यूरने), गरवताना मासा बहुतेक वेळा लागतो तो ल्यूर खाली बसत असताना. हाताला जाणवते ती एक बारीकशी ‘टक्’, आणि पुढच्याच क्षणी मासा प्लास्टिक थुंकून टाकतो. ही टक् हातापर्यंत आणणं हे दोरीचं पहिलं काम. ७ ते १४ ग्रॅमचं जिगहेड, म्हणजे ल्यूर लावायचा वजनदार डोक्याचा गळ, लांब जाणं हे दुसरं. तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, या दोन्हींत कमी पडतो. नायलॉन ताणला की २० ते ३० टक्के लांबतो, त्यामुळे ३० मीटरवर घेतलेला हिसका गळापर्यंत पोचेस्तोवर बोथट होतो. शिवाय २० पाउंडाचा तंगूस साधारण ०.४० मिमी जाडीचा असतो. त्याच ताकदीची ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, त्याच्या निम्म्या जाडीत मिळते. म्हणून मुख्य दोरी ब्रेडच घ्यावी. फ्लुरोकार्बनने रीळ भरू नये, तो लीडरपुरता, म्हणजे गळाजवळच्या शेवटच्या तुकड्यापुरता, ठेवावा. छोट्या स्पिनिंग रिळावर तो स्प्रिंगसारखा उसळतो.

दुकानात सगळ्यांची नजर जाते ती पाउंडावर, आणि फसगत होते तीही तिथेच. पाउंडाचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने छापते. खरा आधार आहे जाडीचा, म्हणजे पीई आकड्याचा (ब्रेडच्या जाडीचं माप). पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी, पीई १.५ म्हणजे ०.२०५, पीई २ म्हणजे ०.२३५. दाभोळ, जयगड, कालावल किंवा कर्लीच्या खाडीत जिताडा, तांबोशी, गोबरा यांच्यासाठी २५०० ते ३००० आकाराच्या रिळावर पीई १ ते १.५ पुरते. लाटांच्या खडपावरून मोठं जिगहेड टाकायचं असेल तर पीई २. त्याहून जाड दोरी वारा धरते आणि हलकं जिगहेड जागेवर बसू देत नाही.

स्वस्त माल पीई १.५ म्हणून विकला जातो आणि निघतो भलताच जाड. ही लबाडी पेन्सिलीने पकडता येते. दोरी ताणून पेन्सिलीवर एकाला एक चिकटवून २० वेढे घ्या आणि वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजा. पीई १.५ चे २० वेढे ४ ते साडेचार मिमी भरतात, कारण ब्रेड थोडी चपटते. पट्टी ६ मिमी दाखवू लागली तर हातात आहे ती पीई ३ च्या जाडीची दोरी, लेबल काहीही म्हणो.

आता पदर, म्हणजे ब्रेडमध्ये विणलेले धागे. आठ पदरी दोरी गोल आणि गुळगुळीत असते, गाइडमधून, म्हणजे काठीवरच्या कड्यांतून, आवाज न करता सुटते आणि लांब जाते. डायवाची जे-ब्रेड एक्स-८ याच जातीची. सुफिक्स ८३२ मध्येही आठ धागे आहेत, पण त्यातला एक गोअर कंपनीच्या धाग्याचा. नावातला ३२ हा आकडा इंचाला पडणाऱ्या विणीचा आहे. उघड्या खाडीत, पुळणीवर आणि जेट्टीवरून आमचं मत आठ पदरीलाच.

पण जाडी तीच ठेवून आठ पदर घातले की एकेक पदर बारीक होणार, हे उघड आहे. कालवांनी भरलेल्या कातळावर दोरी एकदा जरी घासली तरी बारीक पदर आधी तुटतात आणि दोरी लोकरीसारखी फुलते. चार पदरी खरखरीत असते, गाइडमध्ये सूं करते आणि चार-पाच मीटर कमी जाते. पण तिचा एकेक पदर जाड असल्याने खडपावर ती जास्त टिकते. तिवराच्या मुळांत आणि कालवांच्या खडपात आम्ही तीच सुचवू.

तरी कालवांशी खरी गाठ पडते ती लीडरची. जिताड्याच्या गालफडाची कड सुरीसारखी असते आणि तोंड कानशीसारखं. उघड्या खाडीत २० ते ३० पाउंड, मुळांजवळ ४० पाउंड, लांबी ६० सेंमी ते १ मीटर. नायलॉनचा लीडरही चालतो, फ्लुरोकार्बन घासणीला बरा टिकतो. ब्रेडला लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम: लीडरवर ब्रेडचे आलटून-पालटून २० वेढे आणि मग अर्धगाठी. ओली करून जोर लावला की ब्रेड लीडरमध्ये रुतते आणि तिचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर गाठ सरकणार, पुन्हा बांधा. अंधारात होडीवर डबल युनी गाठ सोपी. ब्रेडचे ६ ते ८ वेढे, लीडरचे ३ ते ४. मात्र ती गाठ जाड होते, म्हणून फेकताना गाइडच्या बाहेर ठेवा.

रीळ भरण्यात चुका होतात, आणि दोष मग दोरीला लावला जातो. ब्रेड थेट दोरी गुंडाळायच्या धातूच्या स्पूलवर बांधली तर सगळा गठ्ठा गरगर फिरतो आणि ड्रॅग (मासा ओढताना दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) सुटल्यासारखा वाटतो. खाली १० मीटर तंगूस घाला. ओल्या फडक्यातून दाबून, ताण ठेवून गुंडाळा. स्पूलच्या कडेपासून दीड ते दोन मिमी जागा सोडा. सैल वेढे खालच्या थरात रुततात, आणि पुढच्या फेकीला गुंता उडतो. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढला की हे हमखास होतं, कारण ब्रेड पाण्याहून हलकी असते आणि वाऱ्यात तिचा फुगा धरतो. फेकल्यावर बेल (रिळावरची दोरी धरणारी तार) हाताने बंद करा, दोरी एकदा बोटाने ताणून घ्या, मगच फिरवा. ड्रॅग वजनकाट्याने मोजून २ ते २.५ किलो ठेवा.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुवा. रंग उडाला म्हणून दोरी फेकू नका, रंग जाणं म्हणजे ताकद जाणं नव्हे. शेवटचे दोन मीटर मात्र दर फेरीला नखांमधून ओढून पाहा. खरखर लागली की तेवढे कापा आणि लीडर नव्याने बांधा. कापलेले तुकडे खिशात घालून घरी न्या, तिवरात राहिले की पक्ष्यांच्या पायांत अडकतात. आणि ल्यूर कातळात अडकली तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापलं जातं. एखाद्या काठीला चार वेढे घ्या आणि सरळ मागे चालत जा.