व्हेक्टर कॅल्क्युलस: सोडवलेली उदाहरणं की फक्त मागची उत्तरं?

व्हेक्टर कॅल्क्युलससाठी पुस्तक निवडायला गेलं की दोन प्रकार समोर येतात. एकात थिअरी सविस्तर, धड्याच्या शेवटी तीस-चाळीस प्रश्न आणि पुस्तकाच्या मागे फक्त उत्तरं. दुसऱ्यात थिअरी दोन-तीन पानांत उरकलेली आणि पुढे उदाहरणामागून उदाहरण, प्रत्येक पायरीसकट सोडवलेलं. बीएस्सीला मी पहिल्या प्रकाराने शिकलो. एमएस्सीच्या प्रवेशासाठीच्या आयआयटी जॅम परीक्षेच्या तयारीच्या वेळी दुसऱ्याकडे वळलो. वेळ कमी आहे आणि दोन्ही होणार नाहीत, अशांसाठी हे लिहितोय. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल काढता येतात असं धरतो, तिथवर कुठलंही पुस्तक पुरतं. खरा प्रश्न सरफेस इंटिग्रलपासून, म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर इंटिग्रेशन करण्यापासून सुरू होतो.

आधी थिअरीच्या पुस्तकाचं श्रेय त्याला देतो. डायव्हर्जन्स म्हणजे काय, हे मला अशाच एका पुस्तकातून कळलं. एक इवलासा घन घ्यायचा, त्याच्या सहा बाजूंतून किती बाहेर जातंय ते मोजायचं आणि घनफळाने भागायचं. मग असे घन एकमेकांना चिकटवत गेलं की आतल्या सामाईक भिंतींवरचा हिशोब आपोआप कटतो, उरतो तो फक्त बाहेरच्या पृष्ठभागाचा. आतल्या डायव्हर्जन्सची बेरीज म्हणजेच बंद पृष्ठभागातून बाहेर जाणारं एकूण, हे गाऊसचं प्रमेय मला त्यानंतर कधी पाठ करावं लागलं नाही. सोडवलेल्या उदाहरणांच्या पुस्तकात हे बहुतेक वेळा घाईने येतं. त्यामुळे ज्यांच्याकडे पूर्ण सेमिस्टर आहे आणि शंका विचारायला चांगले सर आहेत, त्यांनी थिअरीपासून सुरुवात केली तर काही बिघडत नाही.

माझं मत ज्या गणिताने फिरवलं ते मात्र सांगतो. एक त्रिज्येचा वरचा अर्धगोल. व्हेक्टर फील्डचे घटक एक्स, वाय आणि झेड अधिक एक. वक्र पृष्ठभागातून बाहेर जाणारा फ्लक्स, म्हणजे एकूण प्रवाह, काढा. डायव्हर्जन्स ३, अर्धगोलाचं घनफळ २π/३, म्हणून माझं उत्तर आलं २π. मागे पाहिलं तर ३π. मग लक्षात आलं की गाऊसला बंद पृष्ठभाग लागतो आणि मी तळाची चकती धरलीच नव्हती. चकतीचा फ्लक्स काढला, π आला, २π मधून वजा केला. आता उत्तर π. मागे अजूनही ३πच.

त्या एका गणितावर माझी अख्खी संध्याकाळ गेली. चूक एवढीच होती की चकतीचा नॉर्मल, म्हणजे तिला लंब असलेला बाण, मी वर धरला होता. बंद पृष्ठभागाचा नॉर्मल सगळीकडे बाहेर हवा आणि तळाशी बाहेर म्हणजे खाली. तसं धरलं की चकतीचा फ्लक्स वजा π होतो आणि वक्र भागाला ३π उरतात. मागच्या पानावरचं ‘३π’ मला फक्त चुकलास म्हणत होतं. कुठे चुकलो ते त्यात नव्हतं. सरळ इंटिग्रेशन केलं असतं तर ताळा मिळाला असता, पण तो घ्यायचा हे सुचायलाही आधी काही गणितं पूर्ण पाहिलेली असावी लागतात.

मला जास्त खटकतं ते पुढचं. याच गणितातला ‘अधिक एक’ काढून टाका. वक्र भागाचा फ्लक्स आता २π होतो. चकतीवर झेड शून्य असल्याने तिचा वाटाही शून्य. म्हणजे चकती विसरा, नॉर्मल उलटा धरा, तरी उत्तर मागच्याशी तंतोतंत जुळतं. चूक तशीच राहते आणि आपण बरोबरची खूण करून पुढे जातो.

सोडवलेल्या उदाहरणात या जागी एक ओळ असते: तळाच्या चकतीचा नॉर्मल वजा के (के म्हणजे झेड दिशेचा एकक व्हेक्टर). मला तेवढीच ओळ हवी होती.

शॉम मालिकेतलं मरे स्पीगल यांचं १९५९ सालचं व्हेक्टर अ‍ॅनालिसिस अजून वापरलं जातं. त्यात ४८० सोडवलेली उदाहरणं आहेत. नवशिक्याने आधी सोडवलेली उदाहरणं अभ्यासावीत, या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर हे दाखवलं. विषय येऊ लागल्यावर हा फायदा कमी होतो, उलटतोही, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं. माझाही अनुभव साधारण तसाच आहे. पृष्ठभागावरचं कर्लचं इंटिग्रल त्याच्या कडेवरच्या इंटिग्रलशी जोडणाऱ्या स्टोक्सच्या प्रमेयाची आठ-दहा उदाहरणं झाल्यावर पुढची वाचताना डोळे नुसते ओळींवरून घसरत होते.

अशा पुस्तकांची दुसरी उणीव म्हणजे उदाहरण कुठल्या प्रमेयाचं हे मथळ्यातच कळतं. परीक्षेत ते कुणी सांगत नाही. आणि हा विषय मुळातच परीक्षेच्या वळणाचा आहे. स्टोक्सचं प्रमेय पहिल्यांदा छापून आलं तेच केंब्रिजच्या १८५४ च्या स्मिथ्स प्राइझ परीक्षेतला प्रश्न म्हणून, आणि परीक्षार्थींत पुढे विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांसाठी प्रसिद्ध झालेले मॅक्सवेल होते.

तरी दोन महिनेच हातात असतील तर मी सोडवलेल्या उदाहरणांचंच पुस्तक घ्या म्हणेन. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि उत्तर झाका. आकृती आधी स्वतः काढा, नॉर्मलचे बाण दाखवा, कडेने फिरायची दिशा ठरवा, मगच पुठ्ठा एक ओळ खाली सरकवा. जिथे तुमची ओळ पुस्तकापेक्षा वेगळी निघाली तिथे समासात पेन्सिलने ‘का’ लिहा. पुढचं उदाहरण त्या ‘का’चं उत्तर एका वाक्यात लिहून झाल्यावरच घ्या. माझ्या प्रतीत सरफेस इंटिग्रलच्या पानांवर असे सतरा ‘का’ आहेत, त्यातले अकरा नॉर्मलच्या दिशेचे.