पार्किंगची पावती की गाडीचा नंबर?

छोट्या शहराच्या मुख्य बाजारपेठेत पैसे घेऊन पार्किंग द्यायचं एकदा ठरलं, की पुढची भांडणं दरावरून होतील असं सगळ्यांना वाटतं. आमच्या समितीत दर दोन बैठकांत ठरला. पैसे भरल्याचा पुरावा कुठे राहणार, यावर मात्र चार महिने गेले. मी व्यापाऱ्यांच्या वतीने त्या समितीत होतो. आधी आम्ही पावतीची पद्धत घेतली, दीडेक वर्ष चालवली आणि मग गाडीच्या नंबरवर गेलो. आता ज्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे, त्यांना दोन्हींबद्दल सांगावंसं वाटतं.

पावती म्हणजे रस्त्यावरच्या मशीनमध्ये पैसे भरायचे, कागद घ्यायचा आणि गाडीत दिसेल असा ठेवायचा. नंबर म्हणजे मशीनमध्ये किंवा ॲपवर गाडीचा क्रमांक टाकायचा, पैसे भरायचे आणि निघायचं. प्रत्येक जागेला आकडा रंगवून तो आकडा टाकायला लावण्याची तिसरी पद्धत आहे. आखलेल्या मैदानात ती ठीक चालते. रस्त्याकडेला, जिथे एका मोटारीच्या जागेत चार दुचाक्या मावतात, तिथे आकडे कुठे रंगवणार? आम्ही ती लवकर सोडून दिली.

पावतीबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण सुरुवातीला मी तिच्याच बाजूने बोललो होतो. नेटवर्क गेलं तरी कागद चालतो. तपासनिसाला काचेतून डोकावलं की कळतं. भरणाऱ्याच्या हातात काहीतरी राहतं. आणि कोणाची गाडी कुठे किती वेळ होती याची नोंद नगरपालिकेकडे साठत नाही, हा गुण मला आज जास्त मोठा वाटतो. लोक निघताना उरलेल्या वेळेची पावती दुसऱ्याच्या हातात द्यायचे. हिशेबात ती गळती होती. पण अनोळखी माणसाने खिडकीतून पावती पुढे करणं मला मनापासून आवडायचं, आणि नंबर पद्धतीत ते गेलं याची थोडी हळहळ आहे.

माझं मत फिरलं ते दुचाकीमुळे.

मोटारीला काच असते आणि काचेच्या आत पावती ठेवायला जागा असते. तिथेही दार आपटलं की पावती उलटी पडते, पण ते एक वेळ सोडून देऊ. स्कूटरवर पावती लावायची कुठे? लोकांनी सगळं करून पाहिलं. आरशाच्या दांडीला रबर लावून, मीटरच्या काचेला चिकटपट्टीने, सीटच्या फटीत खोचून. पावसात शाई पसरायची, वाऱ्यात कागद उडायचा, आणि चिकटपट्टीने नीट लावलेली पावती दुसरंच कोणीतरी काढून आपल्या गाडीला लावायचं. तपासनीस आला की त्याला एवढंच दिसायचं, की पावती नाही. दंड.

दंडाविरुद्धच्या तक्रारी ऐकायला दर पंधरवड्याला बसावं लागायचं, आणि त्यात मी असायचो. नेमके आकडे मी काढले नाहीत. पण समोर येणाऱ्यांत दुचाकीवाले फार आणि त्यातले बहुतेक पैसे भरलेले, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. एक बाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पैसे कापल्याचे संदेश छापून फाइलला लावून आणले होते. म्हणाल्या, ‘‘मी दर वेळी पैसे भरते आणि दर वेळी चोर ठरते.’’ दंड रद्द करणं आमच्या हातात होतं, तो केला. त्यांचा अर्धा दिवस परत करणं आमच्या हातात नव्हतं. त्या दिवसापासून मी पावतीची बाजू घेणं थांबवलं.

मग दुचाकींना पावतीतून सूट द्या, असा ठराव आला. दोन महिने देऊनही पाहिली. झालं असं, की दुकानांत कामाला येणाऱ्यांच्या गाड्या सकाळी दहाला दारासमोर लागायच्या आणि रात्रीच हलायच्या. गिऱ्हाईक गल्लीला तीन चकरा मारून निघून जायचं. पार्किंग मीटर जन्माला आला तोच या दुखण्यावर. १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत जगातला पहिला मीटर बसला. तासाला पाच सेंट दर होता. बाजारात काम करणाऱ्यांच्याच गाड्या दिवसभर जागा अडवतात म्हणून व्यापारी वैतागले होते, आणि व्यापाऱ्यांच्या समितीत असलेल्या कार्ल मगी यांनी हा तोडगा काढला. तिजोरी भरणं हे त्यामागचं कारण नव्हतं. गाड्या हलत्या राहाव्यात यासाठीच जर हे सगळं आहे, तर सर्वांत जास्त संख्येने येणाऱ्या वाहनालाच ज्या पद्धतीत जागा नाही ती कशी घ्यायची, हे मला कोणी सांगू शकलं नाही.

नंबर पद्धतीत हा प्रश्नच येत नाही. क्रमांक गाडीलाच असतो, तो उडत नाही आणि भिजत नाही. मशीनपासून गाडीपर्यंत परत चालत जायचं नाही. दवाखान्यात रांग लांबली तर बसल्या जागेवरून फोनवर वेळ वाढवता येतो. आमच्या व्यापाऱ्यांना पहिला अर्धा तास मोफत हवा होता. पावतीत तो देणं अवघड होतं, कारण लोक अर्ध्या तासाने येऊन दुसरी मोफत पावती घ्यायचे. नंबरवर दिवसातून एकदाच, हे मशीनला कळतं. गल्लीत राहणाऱ्यांचे पासही काचेला न चिकटवता यादीत घालता येतात.

त्रास आहेतच. पहिला महिना मला आठवतो. माणसं मशीनपाशी यायची, नंबर आठवायचा नाही, पुन्हा गाडीकडे जायची. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांत घोटाळे झाले. पैसे भरूनही दंड, ही जुनीच तक्रार नव्या रूपात पुढे आली आणि थोडा वेळ मलाही वाटलं, की आपण चूक केली. फरक असा, की ही चूक सुधारता येते. एका अक्षराने वेगळा नंबर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी भरलेला असेल तर दंड लावण्याआधी तपासनिसाच्या फोनवर तो दिसावा, असं आम्ही पुरवठादाराकडून करून घेतलं. त्यानंतर सुनावणीला येणारी माणसं माझ्या पाहण्यात खूप कमी झाली. उडालेली पावती मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला शोधता येत नाही.

तुमच्याकडे दुचाक्या मोजक्याच असतील आणि नेटवर्क खरंच बेभरवशाचं असेल, तर पावती वाईट नाही असं मी आजही म्हणेन. नंबर पद्धतीत तपासनिसाच्या हातातल्या यादीवरच सगळं उभं असतं. यादी आली नाही तर त्या तासाला दंड करू नये, असा लेखी नियम आमच्याकडे आहे आणि तो असायलाच हवा. तसं यंत्र दोन्हीकडे फसतं. १ जानेवारी २०२० रोजी न्यूयॉर्कच्या पार्किंग मशीननी अचानक कार्ड घेणं थांबवलं, कारण सॉफ्टवेअरमध्ये घातलेली मुदत त्या दिवशी संपली होती. नाणी घेणारी फट म्हणूनच बुजवू नका. केवळ ॲपवर चालवण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो, पण साधा फोन वापरणाऱ्याला बाजारात यायचं बंद करण्यासारखं ते आहे.

क्यूआर कोडबद्दलही एक. २०२२च्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये पार्किंग मशीनवर बनावट कोडची स्टिकर सापडली होती. ती स्कॅन केली की पैसे भामट्यांच्या संकेतस्थळावर जायचे. आम्ही मशीनवर कोड लावलाच नाही, ॲपचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

नंबर वाचणारे कॅमेरे लावलेली गाडी फिरवावी असा आग्रह तुम्हालाही होईल. मोठ्या शहरात ती परवडत असेल. आमच्याकडे चाचणीत मोटारींच्या पाट्या ठीक वाचल्या गेल्या, पण दुचाकींच्या दोन ओळींत लिहिलेल्या, चिखलाने माखलेल्या, एकमेकींआड दडलेल्या पाट्यांनी तिला हैराण केलं. दहा-बारा रस्त्यांसाठी फोन घेऊन चालणारा माणूस बरा, असं निदान माझं मत झालं. तो वाट विचारणाऱ्याला वाटही सांगतो.

नोंदींचा मुद्दा हलका नाही. कोण कधी कुठल्या दारासमोर थांबलं हे नंबर पद्धतीत साठतं. दवाखाना असतो, वकिलाचं कार्यालय असतं. तक्रारीची मुदत संपली की नंबर पुसायचे, फक्त वेळ आणि जागा ठेवायची, आणि हे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्यायचं. नंतर बोलू म्हणाल तर राहून जाईल.

करार लहान मुदतीचा ठेवा. शिकागोने २००८ मध्ये आपले मीटर ७५ वर्षांसाठी सुमारे १.१५ अब्ज डॉलरना खासगी कंपनीला दिले, आणि आता रस्ता दुरुस्तीला किंवा जत्रेला बंद केला तरी शहरालाच भरपाई द्यावी लागते. छोट्या शहराला एवढी रक्कम कोणी देणार नाही, पण अट तशीच घालू पाहणारा भेटतो.

दराबद्दल थोडंच. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीने २००५ मध्ये ठरवलं, की बाजारातल्या जागा साधारण ८५ टक्के भरलेल्या राहतील असा दर ठेवायचा. म्हणजे सहा-सात जागांमागे एक रिकामी सापडते. त्यासाठी कुठला रस्ता किती वेळ भरलेला असतो हे कळावं लागतं, आणि ते पावतीपेक्षा नंबरवरून बरंच नीट कळतं. आमचा मागचा रस्ता दुपारभर ओस असतो हे आम्हाला असंच समजलं. तिथला दर निम्मा केला आणि कामगारांच्या गाड्या आपणहून तिकडे गेल्या. कोणाला दटावावं लागलं नाही.

एक गोष्ट आम्ही आधी चुकवली. नव्या मशीनमधून कागद काढायची सोयच ठेवली नव्हती. पहिल्या आठवड्यात एक आजोबा पैसे भरून मशीनपाशीच उभे होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, ‘‘पावती यायची आहे.’’ लागत नाही, असं मी समजावलं. ते गेले, पण गाडीपाशी जाऊन दोनदा वळून पाहिलं. दंड लागणार नाही याची खात्री त्यांना कशानेच मिळाली नव्हती. पुढच्या महिन्यात आम्ही बटण बसवून घेतलं. दाबलं तर पावती येते, नाही दाबलं तर नाही. बरेच जण अजून दाबतात. मशीन मागवताना ते बटण यादीत आहे का, तेवढं पाहून घ्या.