स्लॉस फर्नेसेस, बर्मिंगहॅम (अलाबामा): १८८२ शोधायला जाणार असाल तर

दगडातून लोखंड काढणारा हा जुना कारखाना आज संग्रहालय आहे. आधी निकाल सांगून टाकतो. ओतकाम, यंत्रं किंवा कामगारांचा इतिहास, यांपैकी कशातही रस असेल तर या जागेला पाचपैकी साडेचार. मात्र ‘१८८२ साली पेटलेली भट्टी’ बघायची म्हणून जाल तर अडीच. कारण १८८२ चं तिथे डोळ्यांना दिसेल असं काहीच उरलेलं नाही. सगळ्यात जुनी इमारत १९०२ ची, आणि आज उभ्या असलेल्या दोन्ही भट्ट्या १९२७ ते १९३१ या काळात नव्याने बांधलेल्या. त्या १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विझल्या, १९८१ साली जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९८३ साली संग्रहालय म्हणून ती उघडली. तरीही १८८२ इथे दिसू शकतं. समोरच्या यंत्रातून काय काय वजा करायचं, तेवढं ठाऊक हवं.

बर्मिंगहॅम हे जुनं, वाढत गेलेलं गाव नव्हे. १८७१ साली दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदणार तिथली शेतजमीन घेऊन एलिटन लँड कंपनीने प्लॉट पाडले आणि विकले. १८७३ च्या उन्हाळ्यात पटकी आली, सप्टेंबरात देशभर बँका बुडाल्या, आणि गाव बसल्यातच जमा झालं. १८८० च्या जनगणनेत वस्ती ३,०८६. दहा वर्षांनी तीच २६,१७८. मधल्या काळात काय घडलं, तर भट्ट्या पेटल्या. १८७६ साली जवळच्या ऑक्समूरला स्थानिक कोळशाच्या कोकवर (हवा न लागू देता भाजलेल्या कोळशावर) पिग आयर्न, म्हणजे भट्टीतून निघणारं कच्चं लोखंड, निघतं हे सिद्ध झालं, १८८० च्या नोव्हेंबरात ॲलिस भट्टी सुरू झाली, आणि १८८१ साली जेम्स विदर्स स्लॉस या रेल्वेवाल्याने शहराला लागूनच ‘सिटी फर्नेसेस’ बांधायला काढल्या. एप्रिल १८८२ मध्ये पहिली भट्टी पेटली. पहिल्या वर्षात २४,००० टन लोखंड गेलं, आणि १८८३ साली लुईव्हिलच्या प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळालं.

२४,००० टन म्हणजे दिवसाला साधारण ६५ टन. आता शेजारच्या रेड माउंटन डोंगराच्या लाल दगडात लोह जेमतेम ३५-३६ टक्के. म्हणजे एक टन पिगला अडीच ते पावणेतीन टन दगड, शिवाय कोक आणि चुनखडी वेगळी. रोजचा नुसता दगडच पावणेदोनशे टनांच्या आसपास. हा आकडा डोक्यात ठेवून संग्रहालयाच्या बोगद्यात उतरा.

हा बोगदा इथली सर्वांत चांगली जागा. वर मालाच्या कोठ्या, खाली त्यांची तोंडं. तोंड उघडलं की माल वजनाच्या गाडीत पडायचा, तिथून स्किप नावाच्या डब्यात, आणि स्किप तिरक्या रुळांवरून थेट भट्टीच्या माथ्यावर. ही सोय पुनर्बांधणीच्या वेळची. १८८२ साली हाच माल माणसं फावड्याने हातगाड्यांत भरत, वजन करून लिफ्टवर चढवत आणि ६० फुटांवर भट्टीच्या तोंडाशी रिकाम्या करत. माथ्यावरच्या माणसाला आचेहून मोठा धोका वायूचा होता. भट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि झाकण उघडताना वाऱ्याची दिशा फिरली की माणूस जागीच कोसळायचा. स्किपने मजुरी वाचवली हे पाट्यांवर वाचायला मिळतं. तिने माथ्यावरची माणसं खाली आणली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पुढचा टप्पा कास्ट शेड, म्हणजे रस ओतायची छपरी. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वावरलेल्या माणसाला इथली भाषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तळाशी वितळलेल्या लोखंडाचा रस काढायचं तोंड, त्याच्या जरा वर स्लॅगचं, म्हणजे मळीचं. चिकणमातीने बुजवलेलं तोंड फोडलं की रस चरातून धावतो आणि वाळूतल्या साच्यांत शिरतो. मुख्य चराला फुटलेल्या फाट्यांत जे गोठतं ते पिग. १९३१ साली पिग ओतायचं यंत्र येईपर्यंत हे सगळं वाळूतच चालायचं. बिघडायचं कुठे? वाळू जरा जास्त ओली राहिली तर वाफ कोंडून रस उसळतो. फार कोरडी राहिली तर साच्याच्या कडा ढासळतात आणि पिगला वाळू चिकटते. तीच पुढे ओतकाम करणाऱ्याच्या कपोल्यात (पिग पुन्हा वितळवायच्या भट्टीत) स्लॅग वाढवते. गोठलेले पिग अजून लाल असतानाच घणाने तोडायचे, जाड लाकडी तळांचे बूट घालून त्यांच्यावरून चालायचं, आणि पन्नासेक किलोचा एकेक नग उचलून वॅगनमध्ये टाकायचा. अलाबामाच्या जुलैत. शेडमधल्या चरांची रुंदी जरूर बघा. दोन टॅपिंगच्या (तोंड फोडून रस काढण्याच्या) मधल्या वेळात ते साफ करून पुन्हा मातीने लिंपायचे असत, याचा अंदाज तिथे उभं राहिल्याशिवाय येत नाही.

हवा तापवणारे स्टोव्ह म्हणजे उंच लोखंडी नळकांडी, आत विटांची जाळी. भट्टीचाच वायू जाळून विटा तापवायच्या, मग वायू बंद करून त्याच विटांतून थंड हवा सोडायची. एक स्टोव्ह तापत असताना दुसरा हवा देतो. स्लॉसने पहिल्याच भट्टीला व्हिटवेल पद्धतीचे स्टोव्ह बसवले होते, आणि उत्तरेकडच्या कारखान्यांच्या तोडीचा कारखाना असा त्याचा लौकिक त्यामुळेच झाला. गरम हवा म्हणजे कोकची बचत, एवढा साधा हिशोब. दक्षिणेत आणखी एक भानगड असते, दमट हवेची. हवेतलं बाष्प भट्टीत गेलं की कोकशी त्याची क्रिया होते आणि ती उष्णता खाते. उन्हाळ्यात भट्टी थंड पडायला लागते, माल आत अडकतो, मग एकदम घसरतो आणि वायूचा भडका माथ्यातून बाहेर पडतो. वेळेवर कोक वाढवला नाही तर तळाशी लोखंड गोठून बसतं, आणि ते काढायला भट्टीच विझवावी लागते.

१९०२ च्या इमारतीत हवा फुंकणारी उभी वाफेची इंजिनं आहेत. फोटोसाठी बहुतेक जण इथेच थांबतात आणि ते साहजिक आहे. चाकाजवळ माणूस उभा केल्याशिवाय फोटोत आकार कळत नाही, हे लक्षात ठेवा. बॉयलरच्या रांगेत थोडा कमी वेळ दिला तरी चालेल.

इथे सगळं लोखंडच आहे, पण लोखंड स्वस्त कशामुळे झालं, हा प्रश्न विसरू नये. दगड, कोळसा, चुनखडी तिन्ही हाताच्या अंतरावर, हे खरंच. प्रॅट या कोळसा कंपनीने स्लॉसला पाच वर्षं खर्चावर फक्त १० टक्के चढवून कोळसा द्यायचं कबूल केलं होतं, हेही खरं. पण भट्टीवरचं सर्वांत जड आणि तापलेलं काम काळ्या मजुरांच्या वाट्याला यायचं, आणि खाणींत भाड्याने दिलेले कैदी राबायचे, त्यांतले बहुसंख्य काळे. ही पद्धत अलाबामात १९२८ पर्यंत चालली. स्लॉसच्या नंतरच्या कंपनीच्या खाणीही तिला अपवाद नव्हत्या. भट्टीच्या आवारातही न्हाणीघरं वेगळी, हजेरीची घड्याळं वेगळी. हे नीट ऐकायचं असेल तर एकट्याने न फिरता गाइडबरोबरची फेरी घ्या, आणि न्हाणीघर व कैदी मजूर या दोन गोष्टींबद्दल मुद्दाम विचारा. नुसती यंत्रं बघून निघालात तर निम्मंच पाहिलंत.

मराठी वाचकासाठी एक धागा संग्रहालयात सापडणार नाही, म्हणून इथे. ज्या १८८२ साली स्लॉसची भट्टी पेटली त्याच साली चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजावरचा एक अहवाल नागपूरला एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती पडला. खनिज उत्तम होतं. वरोऱ्याचा कोळसा मात्र परीक्षेत नापास झाला आणि बेत तिथेच थांबला. वीस वर्षांनी, १९०२ साली, जमशेटजी अमेरिकेत आले तेव्हा कोक कसा करतात ते बघायला याच बर्मिंगहॅमला आले होते. चांद्याला जे जुळलं नाही ते इथे कसं जुळलं, हे बोगद्यातल्या कोठ्यांखाली उभं राहून पाहिलं की चट्कन पटतं.

बर्मिंगहॅमच्या पिगमध्ये फॉस्फरस जास्त. त्या काळच्या बेसेमर पद्धतीने त्याचं पोलाद होईना, म्हणून शहर आधी ओतकामाच्या लोखंडावर वाढलं. फॉस्फरसमुळे रस पातळ वाहतो, पातळ भिंतीचा माल छान भरतो, पण ठिसूळ होतो. शेगड्या, पाइप अशा मालाला ते चालतं. कोल्हापुरात गोव्यातल्या आमोण्याचं पिग घेताना फॉस्फरसचा आकडा बघतात, तो याचसाठी.

आता जाण्याबद्दल. अटलांटाहून आय-२० ने सुमारे १५० मैल, अडीच तास धरा. बर्मिंगहॅमचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे असतं, तेव्हा सकाळी फार लवकर निघालात तर दार उघडायची वाट बघत बसाल. स्वतःचं स्वतः फिरणं आजवर फुकट आहे, गाइडच्या फेरीला पैसे पडतात. वेळा आणि दर बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि सोमवार टाळा. बहुतेक भाग उघडा किंवा नुसत्या छपराखाली आहे, त्यामुळे मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. जाळीच्या लोखंडी पायऱ्या आहेत. चपला नकोत, बंद बूट हवेत. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना वरच्या मजल्यांचा आग्रह करू नका, बोगदा आणि कास्ट शेडमध्येच त्यांचा वेळ छान जाईल. शेजारच्या रुळांवरून अजून मालगाड्या जातात, गाइडचं बोलणं मध्येच बुडतं. दोन ते तीन तास पुरतात.

आवारात ओतकाम शिकवणारा कलाविभागही आहे. वाळूच्या ठोकळ्यावर आपली नक्षी कोरून त्यात लोखंड ओतून घ्यायचे कार्यक्रम ते करतात. मुलं बरोबर असतील तर तारीख साधून जा. नक्षी उलटी कोरायची असते, अक्षरं असतील तर घरूनच आरशात बघून काढून न्या.

रेड माउंटनवरचा व्हल्कन या रोमन अग्निदेवाचा ५६ फुटी पुतळा जोडून घ्यावा. १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनासाठी तो स्लॉसच्याच लोखंडात ओतला होता. दोन्ही एका दिवसात करायचं असेल तर सकाळी स्लॉस, दुपारी व्हल्कन, कारण व्हल्कनच्या पायथ्याच्या संग्रहालयात एसी आहे.