गोल्डन राइस : पिवळ्या दाण्याचे परीक्षण

भाताच्या रोपाच्या हिरव्या पानांत बीटा कॅरोटीन, म्हणजे शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते ते पिवळे-नारिंगी द्रव्य, असते, मात्र आपण खातो त्या दाण्याच्या गाभ्यात ते नसते. म्हणूनच ज्या घरांत तिन्ही त्रिकाळ केवळ भातावर भागवावे लागते, तिथल्या मुलांना अ जीवनसत्त्वाची उणीव जाणवते आणि तिची झळ थेट डोळ्यांना बसते. गोल्डन राइस या जनुक-परिवर्तित तांदळात कॅरोटीनचा हा पिवळा रंग सालीत नसून गाभ्यात आहे, त्यामुळे साळ सडून, कोंडा काढून, पॉलिश केल्यावरही दाणा पिवळाच राहतो. या वाणाचे मोल ठरवताना माझ्या मते हीच गोष्ट आधी पाहावी.

इंगो पोट्रिकस आणि पीटर बायर यांनी 2000 साली जाहीर केलेल्या पहिल्या तांदळात डॅफोडिल फुलाचे आणि एका मातीतील जिवाणूचे जनुक होते, पण ग्रॅममागे जेमतेम 1.6 मायक्रोग्रॅम कॅरोटीन मिळत होते, आणि तेवढ्यावर कोणत्याही मुलाची गरज भागणार नव्हती. 2005 मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचे जनुक घातल्यावर हे प्रमाण 37 मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. शरीरात त्याचे काय होते, याचे उत्तरही उत्साहवर्धक आहे: 2009 च्या, पाच प्रौढांवर केलेल्या लहानशा अभ्यासात सुमारे 3.8 भाग कॅरोटीनपासून एक भाग अ जीवनसत्त्व बनले. मुलांवरचा पुढचा अभ्यास मात्र 2015 मध्ये मागे घेण्यात आला, कारण पालकांना जनुक-परिवर्तित तांदळाची पुरेशी माहिती देऊन संमती घेतल्याचा पुरावा नव्हता. ज्या मुलांसाठी हे वाण घडवले त्यांच्याच बाबतीत असे व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जनुक दाण्यात उतरले म्हणजे पीक उभे राहिले असे होत नाही. जीआर2आर या परिवर्तनात (जनुक घालून घडवलेल्या एका रोपाच्या वंशात) नवे जनुक रोपाच्या स्वतःच्या एका महत्त्वाच्या जनुकात जाऊन बसले. तेच स्वर्णा वाणात आणल्यावर रोपे खुजी व फिकट झाली आणि उत्पादन घसरले. शेवटी जीआर2ई हे दुसरे परिवर्तन निवडावे लागले. अनेक वर्षे या संशोधनात का गेली, याचे एक मोठे कारण हे आहे; सगळा दोष नियमांना देणे मला रास्त वाटत नाही.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने 2017 च्या अखेरीस, तर कॅनडा आणि अमेरिकेने 2018 मध्ये हा तांदूळ खाण्यास सुरक्षित ठरवला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वेळी स्पष्ट केले की, तिथल्या आहारातील प्रमाण पाहता यातील कॅरोटीन पोषणाचा दावा करण्याइतके नाही. या वाक्याचा विरोधकांनी ‘निरुपयोगी’ असा अर्थ लावला. तो चुकीचा आहे, कारण भातावर अवलंबून असलेल्या मुलाचा आहार अमेरिकन आहाराहून वेगळा असतो. फिलिपाइन्सने 2021 मध्ये लागवडीची परवानगी दिली, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. परवानगीचा अर्थ ‘सुरक्षित’ एवढाच असतो, ‘डोळे वाचवील’ असा नाही. हा फरक समर्थकांनी अधिक ठळकपणे सांगायला हवा होता.

मोठा दोष साठवणुकीतला आहे. हवा, उजेड आणि उष्णता लागली की कॅरोटीन विघटित होते, त्यामुळे महिनोन्महिने उघड्या पोत्यात पडलेला दाणा तोच लाभ देणार नाही. ज्या कुटुंबाला भाज्या, अंडी, दूध पुरेसे मिळते त्याला या तांदळाची गरज नाही. ज्याला मिळत नाही, त्याला मी हा तांदूळ निःसंकोच सुचवीन, सोबत थोडे तेल असावे. आणि पाकिटावर साळ सडून तांदूळ केल्याची तारीख व त्या वेळी मोजलेले कॅरोटीन छापलेले असावे, असा आग्रह धरीन.