पिकअपचं अलाइनमेंट: नुसता टो की कॅस्टरसकट?

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा उतरवून पिकअप रिकामी पुणे रस्त्याला लागते आणि डावीकडे ओढू लागते. आधी हवा तपासा, मग पुढचे दोन्ही टायर आपसात बदला. ओढ उलटली तर दोष टायरचा. नाहीतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासायचे.

नुसता टो (वरून पाहिल्यावर पुढची चाकं समोरून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवणं स्वस्त. टायरच्या नक्षीला करवतीसारखी धार आली असेल तर हेच काम. बाहेरच्या कडा झिजल्या तर टो-इन जास्त, आतल्या झिजल्या तर टो-आउट. दोन्ही टायरॉड (स्टेअरिंग चाकांना जोडणारे दांडे) सारखेच फिरवायचे, नाहीतर स्टेअरिंग वाकडं बसतं.

कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा बाजूने पाहिल्यावर दिसणारा कल) टायर फारसा झिजवत नाही, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ होतं ते त्याच्यामुळे. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको. मोजताना चाक फिरत्या प्लेटवर दोन्हीकडे 20 अंश वळवतात. मागे जादा पाटे घालून उंची वाढवली की कॅस्टर घटतो, गाडी भरकटते. माल भरला की उलट: मागची बाजू दबते, कॅस्टर वाढतो, स्टेअरिंग जड होतं.

ओढ असेल तर आमचा कौल पूर्ण अलाइनमेंटलाच. बुश, बॉलजॉइंट (चाकांच्या जोडणीतले रबरी आणि गोळीचे सांधे) ढिले असतील तर आधी बदला. कॅस्टर, कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल) आधी, टो शेवटी. उलट केलं तर टो पुन्हा बिघडतो.