प्रयोगशाळेचे क्षार: लेबल चोख, एक झाकण सैल

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी यंदा आम्ही शहरातील एका जुन्या रसायन-विक्रेत्याकडून क्षार मागवले. त्यात सर्वांत समाधान दिले ते लेबलांनी. मोरचुदाच्या बाटलीवर नुसते ‘कॉपर सल्फेट’ न लिहिता ‘पेंटाहायड्रेट’ (म्हणजे पाण्याचे पाच रेणू धरून असलेला) असा स्पष्ट उल्लेख असून 249.7 हे रेणुवस्तुमानही छापलेले आहे. एक लिटर 0.1 मोलर तीव्रतेच्या द्रावणासाठी मोरचूद सुमारे 25 ग्रॅम लागतो, तर निर्जल, म्हणजे पाणी नसलेले, कॉपर सल्फेट 16 ग्रॅम पुरते. त्यामुळे लेबल मोघम असले की विद्यार्थ्याचे द्रावण पहिल्याच पायरीवर बिघडते आणि पुढचे सारे अनुमापन (माहीत तीव्रतेच्या द्रावणाने दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढणे) वाया जाते.

मालही लेबलाला जागणारा निघाला. मोरचुदात वजनाच्या सुमारे 36 टक्के स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेले पाणी, असते. विद्यार्थ्यांनी 5 ग्रॅम मोरचूद मुशीत घेऊन वजन स्थिर होईपर्यंत बेताच्या आचेवर तापवला, तेव्हा 3.2 ग्रॅमच्या आसपास करडसर पांढरी पूड उरली, म्हणजे हिशेब बरोबर जुळला. हे तापवणे घाईचे काम नव्हे: पाण्याचे पहिले चार रेणू तुलनेने लवकर सुटतात, परंतु सल्फेटशी हायड्रोजन बंधाने जखडलेला पाचवा रेणू निघायला सुमारे 200 अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि आच फार वाढवली तर क्षाराचेच विघटन होते. थंड झालेल्या पुडीवर पाण्याचे थेंब टाकताच ती निळी झाली आणि मूस हाताला गरम लागली. मुले तिथून हलेनात.

हिराकसाचे (फेरस सल्फेटचे) स्फटिक स्वच्छ हिरवे होते, पिवळट-तपकिरी थर कुठेही नव्हता, आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइडला हवाबंद डब्यामुळे पाणी सुटलेले नव्हते.

धुण्याच्या सोड्याबाबत, म्हणजे सोडियम कार्बोनेटबाबत, मात्र तक्रार आहे. बाटलीचे झाकण सैल होते, आणि लेबलावर ‘डेकाहायड्रेट’ (पाण्याचे दहा रेणू असलेला) असूनही पारदर्शक स्फटिकांवर पांढरी भुकटी धरली होती. हा क्षार उघड्या, कोरड्या हवेत दहापैकी नऊ रेणू पाणी सोडून मोनोहायड्रेट होतो. अशा अर्धवट सुकलेल्या मालात पाणी नेमके किती उरले आहे ते लेबलावरून कळणार नाही, म्हणून वजन करून नेमक्या तीव्रतेचे प्रमाण द्रावण बनवायला तो निरुपयोगी ठरतो. विक्रेत्याने तो कुरकुर न करता बदलून दिला, ही जमेची बाजू.

मोरचूद आणि हिराकस येथून निःशंक घ्यावेत. अनुमापनासाठी सोडियम कार्बोनेट हवे असल्यास निर्जलच मागवावे, आणि वापरण्यापूर्वी ते भट्टीत नीट सुकवून घ्यावे.