दोऱ्याने काढलेला स्टेंट आणि बिलातली दुर्बीण

डाव्या मूत्रवाहिनीत 9 मिलिमीटरचा मुतखडा अडकला होता. दुर्बीण घालून लेझरने फोडला, चिरा एकही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. गंडवलं ते बिलात. आणि पहिलं बिल न वाचताच माझ्या हिश्शाचे पैसे भरून टाकणारा शहाणा मीच.

शंका आली ती स्टेंटमुळे. मूत्रवाहिनी मोकळी राहावी म्हणून आत ठेवलेल्या डीजे स्टेंटला, म्हणजे बारीक नळीला, दोरा होता, त्याचं टोक मांडीला चिकटपट्टीने लावलेलं. आठव्या दिवशी नर्स म्हणाली, "मोठा श्वास घ्या," आणि दोरा ओढला. फार तर दहा सेकंद. (कळ आली, नाही असं नाही.) महिन्याने त्याचं बिल आलं, त्यावर सीपीटी कोड (बिलात प्रत्येक उपचारासाठी लिहायचा ठरावीक क्रमांक) 52310. अर्थ शोधला : मूत्राशयात दुर्बीण घालून स्टेंट काढणे. दुर्बीण? त्या खोलीत ती नव्हतीच.

मग ऑपरेशनचं बिल उकरलं. त्यात "प्रोसिजर चार्जेस" एवढीच मोघम ओळ. कोडसकट तपशील मागितला, तो तिसऱ्या खेपेला मिळाला. ऑपरेशन नोट (ऑपरेशनमध्ये काय काय केलं त्याची डॉक्टरांची नोंद) मात्र डिस्चार्जच्याच दिवशी मागून घ्या, नंतर फार फिरवतात.

बिलाचा तपशील आणि ऑपरेशन नोट शेजारी ठेवून बसलो. खडा फोडणे 52353, स्टेंट बसवणे 52332, मूत्राशयाची नुसती तपासणी 52000. तीन वेगळे चार्ज. वास्तविक एकाच बाजूचा खडा फोडून तिथेच स्टेंट ठेवला, तर दोन्हींचा मिळून 52356 हा एकच कोड 2014 पासून आहे. आणि मूत्रवाहिनीची वाटच मूत्राशयातून जाते, तर जाता जाता तिथे डोकावण्याचे निराळे पैसे कसले? एका कामाचे असे तुकडे पाडण्याला बिलिंगवाले अनबंडलिंग म्हणतात. वर 52332 ला मॉडिफायर 59 (कोडामागे जोडायचा आकडा) चिकटवलेला, म्हणजे "हे काम स्वतंत्र होतं." तो लावला की एरवी अडकणारी कोडांची जोडी विम्याच्या तपासणीतून निसटू शकते. चुकून लागणारा आकडा नव्हे हा.

काउंटरवर ऐकवलं, "सिस्टीमच तसं टाकते." वाद घातला नाही. लेखी अर्ज दिला, ऑपरेशन नोट जोडली, एक प्रत विमा कंपनीला पाठवली, आणि स्टेंट काढतानाचा दुर्बिणीचा रिपोर्ट मागितला.

सहा आठवड्यांनी ऑपरेशनचं सुधारित बिल आलं : 52356 ची एक ओळ, खाली परतावा. दुर्बिणीचा रिपोर्ट काही आला नाही. 52310 पुढे अजून "अंडर रिव्ह्यू" दिसतंय.